बुलेटचा कॅम बदलायचा आहे, बेंड पाइप आणि सायलेन्सर कुठला जमेल?

कास्टआयर्न९७ | रविवार, रात्री १०:१०

मंडळी, वडिलांची १९९७ ची बुलेट आता माझ्याकडे आली आहे. ३५० कास्ट आयर्न, पॉइंटच्या जुन्या इग्निशनची गाडी, गिअर उजव्या पायाला. वडिलांचे गुडघे गेले म्हणून त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली, पण रोज संध्याकाळी व्हरांड्यात येऊन टाकीवरून फडका फिरवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

माझं रोजचं जाणं कोल्हापुरात, पाचगाव ते शिरोली एमआयडीसी. महिन्यातून एकदोनदा फुलेवाडी, कळे, साळवण करत गगनबावडा, खाली वैभववाडी आणि परत. दिवाळीनंतर एकदा गोवा. सपाटीला काही तक्रार नाही. करूळ घाट चढून वर येताना मात्र तिसऱ्यात गाडी दम सोडते आणि दुसऱ्यात टाकली की नुसती ओरडते. मागे बायको आणि दोन बॅगा असल्या की जास्तच.

व्हॉल्व्हचे गाइड ढिले झालेत म्हणून हेड उतरवायचंच आहे. मेस्त्री म्हणतात, आताच व्हॉल्व्ह उघडणारा कॅमही बदलून टाक. एका दुकानदारानं दोन कॅमचा सेट दाखवला, 'रेस कॅम' म्हणतो. त्याबरोबर इंजिनातून सायलेन्सरकडे धूर नेणारा ४५ मिमीचा बेंड पाइप आणि बिनजाळीचा सायलेन्सर. सगळं मिळून पंचवीस हजार. दसऱ्याच्या आत काम उरकायचं आहे. कॅम कुठला घ्यावा, पाइप कुठला? आधी काय करायचं? आवाजाची हौस मला नाही, गाडी घाट चढायला पाहिजे.

आरएक्सवेडा | रविवार, रात्री १०:२४

भावा, आमच्या आरएक्स १०० ला कॅमच न्हाई! पिस्टनच दार उघडतोय आणि पिस्टनच लावतोय. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, व्हॉल्व्हची कटकट शून्य. ये एकदा घाटात.

पुशरॉड | रविवार, रात्री ११:०२

आरएक्सवेडा, तुझ्याकडे नंतर येतो.

कास्टआयर्न, 'रेस कॅम' म्हटलं की दुकानदाराला एकच विचारायचं: किती आरपीएमला? उत्तर आलं नाही तर पैसे खिशात ठेवायचे.

कॅम दोन गोष्टी ठरवतो. व्हॉल्व्ह किती उचलायचा आणि किती वेळ उघडा ठेवायचा. दुकानात सगळे उचलीबद्दल बोलतात, घाटात गाडी अडते ती मात्र दुसऱ्या गोष्टीमुळे. रेस कॅममध्ये इनटेक, म्हणजे हवा आत घेणारा व्हॉल्व्ह, उशिरा बंद होतो. साडेपाच-सहा हजार आरपीएमला आत येणाऱ्या हवेला इतका वेग असतो की पिस्टन वर निघाला तरी ती आत घुसतच राहते. तिथं फायदा आहे. पण अडीच हजाराला तीच हवा पिस्टन उलटी कार्बोरेटरकडे ढकलतो. सिलिंडरमध्ये माल कमी, कॉम्प्रेशन कमी, उचल कमी. तुझी गाडी तिसऱ्यात दम सोडते तेव्हा ती अडीच-तीन हजारावर असणार. नेमक्या त्याच जागी हा कॅम तुला आहे त्याहून कमी देईल.

दुसरं, या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७० आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची चाल, ९० मिमी. लांब स्ट्रोकचं इंजिन आहे. ५५०० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला साडेसोळा मीटर होतो, ६५०० ला साडेएकोणीस. आणि खाली बिग एंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथं, रोलर बेअरिंग नाही, फ्लोटिंग बुश आहे. वरचे आरपीएम मागणारा कॅम घालायचा म्हणजे त्या बुशवर भार टाकायचा. माझं मत स्पष्ट आहे. या गाडीला रेस कॅम घालू नये.

ग्लासवूल | रविवार, रात्री ११:४०

पुशरॉड सर, कॅमचं पटलं. पण पाइप बदलल्यावर फरक पडतो हे मी स्वतः अनुभवलंय. मूळ सायलेन्सर काढून ग्लासवूलचा टाकला, गाडी हलकी पळायला लागली. फक्त पूर्ण मोकळा पाइप नको, इंजिनला थोडं बॅक प्रेशर लागतंच. नाहीतर खालचा दम जातो.

इंजिनवाली | सोमवार, सकाळी ७:१५

ग्लासवूलदादा, तुमचा अनुभव खरा आहे, कारण मात्र वेगळं आहे. मी गोकुळ शिरगावला मशिनिंगमध्ये आहे आणि माझ्याकडे ५०० ची युसीई, म्हणजे नव्या इंजिनाची बुलेट आहे, त्यामुळे या विषयात मी बरीच डोकं घालून बसते.

इंजिनला बॅक प्रेशर कधीच लागत नाही. लागतो तो वायूचा वेग. पाइप जाड झाला की धूर त्यात सुस्तावतो. बारीक पाइपात तो वेगानं जातो आणि जाता जाता मागे ओढ तयार करतो. ज्या क्षणी एक्झॉस्ट, म्हणजे धूर सोडणारा व्हॉल्व्ह, अजून पुरता मिटलेला नाही आणि इनटेक उघडायला लागलाय, त्याला ओव्हरलॅप म्हणतात, त्या क्षणी ही ओढ नवी हवा आत खेचायला मदत करते. जाड मोकळा पाइप टाकला की ओढ जाते, लोक म्हणतात बॅक प्रेशर गेलं.

म्हणून 'आधी कॅम की आधी पाइप' हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. कॅम जितका जास्त ओव्हरलॅपचा, तितका तो पाइपवर अवलंबून. दोघांना एकाच आरपीएमवर जमवायचं असतं, आणि तो आरपीएम तुमच्या रस्त्यानं ठरवायचा.

एक जुनं ठोकताळ्याचं सूत्र देते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बीडीसीच्या, म्हणजे पिस्टन तळाला पोचायच्या, किती अंश आधी उघडतो तो आकडा १८० मध्ये मिळवायचा, ८५० नं गुणायचं, आरपीएमनं भागायचं, ३ वजा करायचे. उत्तर इंचात, पाइपची लांबी. ७५ अंश आणि ४५०० आरपीएम धरले तर ४५ इंच येतात. व्यासासाठी: लांबीत ३ मिळवून २५ नं गुणायचं, त्यानं सीसीला भागायचं, वर्गमूळ काढून २.१ नं गुणायचं. ३४६ सीसीला १.१३ इंच, म्हणजे आतून जेमतेम २९ मिमी. सायलेन्सर लागला की लांबीचं गणित सरकतं, त्यामुळे लांबीपेक्षा व्यासाकडे बघा. दुकानदाराचा पाइप बाहेरून ४५, पत्रा दीड मिमीचा धरला तर आतून ४२. क्षेत्रफळ दुपटीहून जास्त होतं! कारखान्याचा मूळ बेंड पाइप २९ पेक्षा बारीक नाही, तो बदलायचं काहीच कारण नाही.

ग्लासवूल | सोमवार, सकाळी ९:३०

ताई, गणित वहीत उतरवून घेतलं. मग माझी गाडी हलकी का पळाली?

इंजिनवाली | सोमवार, दुपारी १:०५

दादा, जुना सायलेन्सर आतून कार्बननं चोंदला असेल. नवा कुठलाही बसवला असता तरी फरक दिसला असता. जुना अजून असेल तर वजन करून बघा.

राजारामपुरीकर | सोमवार, दुपारी २:२०

मला इंजिनातलं कळत नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. आईची बायपास झाली आहे. आमची खिडकी रस्त्यावर आहे. रात्री अकरा-साडेअकराला एक बुलेट रोज फटाके फोडत जाते. पहिल्या आठवड्यात आई दचकून उठून बसायची, छातीवर हात धरून. आता ती त्या वेळेपर्यंत झोपतच नाही, गाडी गेली की मग आडवी होते. तिच्या औषधाच्या वेळेसारखी त्या गाडीची वेळ आम्हाला पाठ झाली आहे. सीपीआर रुग्णालयाच्या समोरूनसुद्धा पोरं तसाच आवाज काढत जातात, आत माणसं कुठल्या अवस्थेत असतात याचा विचार नाही. कास्टआयर्न, तुम्ही आवाजाची हौस नाही असं लिहिलंत, वाचून बरं वाटलं.

कास्टआयर्न९७ | सोमवार, रात्री ९:००

काका, शब्द देतो. बिनजाळीचा सायलेन्सर रद्द.

आरएक्सवेडा | सोमवार, रात्री ९:१२

काका, आईंची काळजी घ्या. माझ्या गाडीचा सायलेन्सर आतल्या जाळीसकट आहे. टू स्ट्रोकला तर पाइपात छेडछाड केली की सगळा खेळ बिघडतो, कारण आमचा अर्धा कॅम तिथंच हाय! पोटाकडं फुगून परत निमुळता होणारा पाइप बाहेर निघालेला ताजा माल उलटा सिलिंडरमध्ये ढकलतो. कापला की पिकअप गेला. तरी लोक कापत्यात.

पुशरॉड | सोमवार, रात्री ९:४५

हे मात्र शंभर नंबरी बोललास.

कलम५२ | मंगळवार, सकाळी ८:५०

कायद्याची बाजू सांगतो, कारण बऱ्याच जणांना वाटतं की दोन-तीनशे रुपयांत सुटतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील आणि गाडी यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ(४) प्रमाणे अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आवाज आणि प्रदूषणाचं कलम १९०(२) वेगळं, तिथं पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स जाऊ शकतं. १७५ सीसीच्या वरच्या मोटारसायकलला कारखान्याच्या चाचणीत ८० डेसिबलची मर्यादा असते आणि मूळ सायलेन्सर त्या हिशेबानं बनवलेला असतो. जप्त केलेले सायलेन्सर रोलरखाली चिरडल्याचे फोटो आपण सगळ्यांनी पेपरात बघितलेत. बोअर वाढवून सीसी बदलली तर आरसीशी सरळ फरक पडतो. त्या वाटेला जाऊ नका.

उद्यमनगरचा लेथवाला | मंगळवार, रात्री १०:३०

उशिरा आलो, पण कॅम म्हटल्यावर लिहिणं भाग आहे. शिवाजी उद्यमनगरात बत्तीस वर्षं लेथवर उभा आहे. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांच्या पिढीनं या गावाला इंजिन बनवायला शिकवलं, आम्ही त्याच वाटेवरचे. म्हणून चुकीचं काम बघवत नाही.

मी स्वतः ठेच खाल्ली आहे. २००४ साली माझ्या बुलेटचे कॅम मी एका ठिकाणी ग्राइंड करून घेतले. ठिकाणाचं नाव घेत नाही, माणूस आता हयात नाही आणि त्याचा हात चांगला होता. त्यानं बेस सर्कल, म्हणजे कॅमचा गोल भाग, उतरवून उचल वाढवून दिली. पहिला आठवडा गाडी अशी पळाली की मी दोनदा विनाकारण पन्हाळ्याला जाऊन आलो. वाघबिळाचा चढ टॉपमध्ये! मग रविवारी टॅपेट, म्हणजे कॅमवर चालणारा दांडा, बघितलं तर ढिलं. सेट केलं. पुढच्या रविवारी परत ढिलं. तिसऱ्या रविवारी ऑइल काढलं, पत्र्याच्या ट्रेमध्ये उन्हात धरलं, तर आत चांदीची भुकटी फिरत होती. टायमिंग कव्हर उघडलं. एक्झॉस्टच्या कॅमचं नाक असं बसलं होतं की बोटानं कळत होतं. आठशे किलोमीटरसुद्धा झाले नव्हते.

कारण साधं. कॅमचं पोलाद आतून मऊ आणि चिवट असतं. वर कार्बन मुरवून कडक केलेला थर असतो, तो मिलिमीटरच्या आसपास. ग्राइंडिंगमध्ये आपण तोच थर उतरवून टाकला आणि परत केस हार्डनिंग केलंच नाही. कास्ट आयर्न बुलेटचं टॅपेट सपाट पायाचं, कॅमवर घासत चालतं, रोलर नाही. मऊ पोलाद तिथं टिकणार कसं? तेव्हा कॅम ग्राइंड करून घेतलात तर परत हार्ड करून घ्या आणि हार्डनेस तपासून घ्या. नाही जमलं तर करू नका.

आता कास्टआयर्न, तुला एक विचारतो. सध्याचा कॅम किती उचलतोय, मोजलंस का? सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची गाडी आहे. नवा निवडायच्या आधी जुना किती उरलाय ते बघ.

व्हीव्हीए | बुधवार, सकाळी १०:१८

वाचायला मजा येते आहे. माझ्या आर१५ मध्ये इनटेकला दोन वेगळे कॅम लोब, म्हणजे कॅमचे उंचवटे आहेत, खाली एक चालतो आणि ७४०० आरपीएमला सोलेनॉइड पिन सरकवून दुसरा लावतो. पुशरॉड म्हणतात तोच प्रश्न, खाली दम की वर, कारखान्यानं असा सोडवला. जुन्या गाडीला एकच लोब, म्हणजे निवड आपणच करायची.

स्प्रॉकेट१६ | बुधवार, दुपारी १२:४०

पंचवीस हजार कशाला? गिअरबॉक्सचं पुढचं स्प्रॉकेट एक दात कमी करा. १७ चं १६ केलं तर त्याच वेगाला आरपीएम ६ टक्के वाढतात आणि चाकावरची ओढही तेवढीच वाढते. हजाराच्या आत काम.

पुशरॉड | बुधवार, दुपारी १:३०

हे घाटाला लागू पडतं, पण गोव्याच्या वाटेवर हायवेला तोच दात आठवण करून देईल. बुश तिथं जास्त फिरणार. आधी मोजमाप होऊ दे.

कास्टआयर्न९७ | बुधवार, रात्री ८:५५

लेथवाले काका, मोजलेलं नाही. कसं मोजायचं?

उद्यमनगरचा लेथवाला | बुधवार, रात्री ११:१०

सोपं आहे, घाई नको. स्पार्क प्लग काढ म्हणजे इंजिन हातानं फिरेल. वरचे व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर उतरव, टॅपेटवरची सळई, म्हणजे पुशरॉड, जागेवर राहू दे. पुशरॉडच्या टोकावर डायल गेज उभा लाव, अगदी पुशरॉडच्या रेषेत. तिरका लागला तर आकडा खोटा येतो. चौथ्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हळूहळू फिरव. काटा सर्वांत खाली असताना शून्य कर, मग सर्वांत वर किती जातो ते लिही. इनटेक, एक्झॉस्ट दोन्ही, तीन-तीन वेळा. नव्या मूळ कॅमचा सेट माझ्याकडे आहे, शनिवारी ये, शेजारी ठेवून मोजू.

आणि अंशांसाठी कागदावर ३६० अंशांचं चक्र छापून प्लायवुडवर चिकटव, क्रँकच्या टोकाला बसव, तारेचा काटा कर. टीडीसी, म्हणजे पिस्टन सर्वांत वर असतो ती जागा, अंदाजानं धरू नकोस. प्लगच्या भोकातून अडसर घालून पिस्टन दोन्ही बाजूंनी हळूच टेकव, दोन आकड्यांचा मध्य तोच टीडीसी. एका अंशाची चूक इथं पुढची सगळी मापं बिघडवते.

इंजिनवाली | गुरुवार, सकाळी ६:५०

काका, पिस्टनवरच्या क्लेचंही सांगा, उचल वाढवणारे लोक तेच विसरतात.

उद्यमनगरचा लेथवाला | गुरुवार, रात्री १०:००

बरोबर बोललीस पोरी. जास्त उचलीचा कुठलाही कॅम घातला तर ओव्हरलॅपच्या वेळी व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतो. पोरांच्या खेळण्यातली क्ले घ्यायची, पिस्टनवर व्हॉल्व्हच्या जागी दोन गोळे थापायचे, वर तेलाचं बोट फिरवायचं म्हणजे चिकटत नाही. हेड गॅस्केटसकट बसवून पूर्ण टॉर्क द्यायचा, टॅपेट लावायचं, इंजिन हातानं दोन फेरे फिरवायचं. हेड उतरवलं की क्लेमध्ये व्हॉल्व्हचा चंद्रकोरीसारखा ठसा उमटलेला असतो. ब्लेडनं तो मधोमध कापायचा आणि सर्वांत पातळ जागी व्हर्नियर लावायचा. इनटेकला दीड मिमी आणि एक्झॉस्टला दोन मिमी तरी पाहिजे. एक्झॉस्टला जास्त, कारण तो व्हॉल्व्ह तापून लांब होतो. त्याशिवाय स्प्रिंग पूर्ण दबल्यावर वेढे एकमेकांना टेकत नाहीत ना, तेही बघायचं. वेढा टेकला की पुशरॉड वाकतो.

फिरवताना कुठं अडलं तर जोर लावायचा नाही. थांबायचं.

आरएक्सवेडा | गुरुवार, रात्री १०:२०

काका, शनिवारी मी पण येऊ का? नुसतं बघायला.

उद्यमनगरचा लेथवाला | गुरुवार, रात्री १०:२२

ये की. चहा पाजतो.

कास्टआयर्न९७ | रविवार, दुपारी ४:४५

काल मोजलं. काका, आरएक्सवेडा, वडील आणि मी. वडिलांना खुर्ची टाकून बसवलं होतं, ते प्रत्येक आकडा जुन्या डायरीत लिहीत होते.

इनटेकच्या कॅमची उचल नव्याच्या मानानं ०.३ मिमी कमी. एक्झॉस्टची १.२ मिमी कमी! काकांनी नवा कॅम आणि माझा कॅम शेजारी धरले तेव्हा डोळ्यांनाही फरक दिसला. नव्याचं नाक अंगठ्याच्या नखासारखं गोल, माझ्याचं घासून बोथट झालेलं आणि बाजूला काठ आलेला. टॅपेटच्या पायाला वाटीसारखा खड्डा. म्हणजे धूर पुरता बाहेरच पडत नव्हता. इतकी वर्षं मी समजत होतो की गाडीच कमी ताकदीची आहे.

वडील एवढंच म्हणाले, "पंच्याण्णव हजार किलोमीटरला मला वाटलं होतं." तेव्हा त्यांनी सांगितलं का नाही म्हणून विचारलं, तर म्हणाले तेव्हा तुझ्या फीचे दिवस होते.

राजारामपुरीकर | रविवार, संध्याकाळी ६:१०

शेवटची ओळ दोनदा वाचली. वडिलांना नमस्कार सांगा.

पुशरॉड | रविवार, रात्री ८:००

आता तुझा मूळ प्रश्न. कॅम कुठला? मी म्हणेन, मूळ मापाचाच नवा सेट, त्याबरोबर नवे टॅपेट. जुन्या खड्डा पडलेल्या टॅपेटवर नवा कॅम कधीही चालवायचा नाही, आठवड्यात खातो. पाइप मूळचा बेंड. सायलेन्सर जाळीसकट लाँग बॉटल. आणि ऑटो ॲडव्हान्सच्या, म्हणजे आरपीएमप्रमाणे ठिणगीची वेळ पुढं नेणाऱ्या यंत्रणेच्या, स्प्रिंगा बघून घे. त्या ताणल्या असतील तर खालच्या आरपीएमला टायमिंग भरकटतं, आणि लोक खापर कॅमवर फोडतात.

ग्लासवूल | रविवार, रात्री ८:४०

मी थोडं वेगळं म्हणतो. इंजिन उघडलंच आहे तर थोड्या जास्त उचलीचा पण तेवढ्याच ड्युरेशनचा, म्हणजे तेवढाच वेळ व्हॉल्व्ह उघडा ठेवणारा, कॅम का नको? ताईच्या गणितात तो बसतो. खालचा दम जात नाही.

इंजिनवाली | रविवार, रात्री ९:२५

दादा, तत्त्वतः तुमचं बरोबर आहे आणि माझी पहिली पसंती तीच असती. पण तेवढ्याच वेळात जास्त उचलायचं म्हणजे कॅमचा उतार जास्त उभा. सपाट टॅपेटला उताराची मर्यादा असते, टॅपेटचा काठ लोबला लागायला लागतो. स्प्रिंग कडक लागते, मग परत घास वाढतो. खात्रीचा, हार्डनेसच्या कागदासकट मिळाला तर घ्यावा. बाजारात हातात घेऊन बघितलेल्यांत मला तसा मिळाला नाही. कास्टआयर्न, आधी मूळ माप बसव. गाडी तिच्या खऱ्या १८ हॉर्सपॉवरवर येऊ दे, मग घाट चढून बघ आणि मग ठरव.

उद्यमनगरचा लेथवाला | रविवार, रात्री १०:१५

पोरीशी सहमत. बसवताना लोबला आणि टॅपेटच्या पायाला मॉलिब्डेनमची पेस्ट लाव. चालू झाल्यावर गाडी आयडलवर उभी ठेवू नकोस, कॅमला तेल उडून मिळतं ते आरपीएमवर. लगेच बाहेर काढ, हलक्या हातानं वीस-पंचवीस किलोमीटर फिरव. पाचशेला ऑइल बदल, ट्रेमध्ये उन्हात बघ.

कास्टआयर्न९७ | दीड महिन्यानंतर, रविवार, रात्री ९:३०

दसरा चुकला, चार दिवसांनी गाडी चालू झाली. नवे मूळ मापाचे दोन्ही कॅम, नवे टॅपेट, गाइड, व्हॉल्व्ह बसवलेले, जुनाच बेंड पाइप आतून साफ करून, लाँग बॉटल जाळीसकट. ऑटो ॲडव्हान्सची एक स्प्रिंग खरंच ताणलेली निघाली. सगळं मिळून साडेअकरा हजार.

सुरुवातीला थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमध्ये फटफट व्हायचं. हेडजवळच्या जोडातून हवा ओढली जात होती, तिथली रिंग बदलल्यावर थांबलं. प्लग पांढरट यायचा, म्हणजे पेट्रोल कमी पडत होतं, म्हणून कार्बोरेटरचा मेन जेट एक नंबर वाढवला. कळ्याच्या सरळ रस्त्यावर पूर्ण थ्रॉटलला चावी बंद करून, क्लच दाबून गाडी बाजूला घेतली, प्लग काढला तर आता बदामी.

पाचशेच्या ऑइलमध्ये भुकटी नाही. टॅपेट तीन रविवार हललेलं नाही.

काल करूळ चढून आलो. बायको मागे, दोन बॅगा. जिथं दुसऱ्यात टाकावं लागायचं त्या वळणांवर गाडी तिसऱ्यात ओढत राहिली. दोन जागी दुसरा लागला, बाकी पूर्ण घाट तिसऱ्यात. वर आल्यावर गगनबावड्याला चहा घेतला आणि वडिलांना फोन केला. ते म्हणाले, "आवाज ऐकव." मोबाइल सायलेन्सरजवळ धरला. बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले आता टॅपेट बरोबर वाजतंय.

पुशरॉड | रविवार, रात्री ९:५०

मग जास्त उचलीचा कॅम?

कास्टआयर्न९७ | रविवार, रात्री ९:५८

सध्या नको. डिसेंबरमध्ये गोव्याला जाऊन येतो.

आरएक्सवेडा | रविवार, रात्री १०:०५

त्या घाटात मी मागं होतो, साक्ष देतो. दोन ठिकाणी मला खरंच थ्रॉटल पिळावा लागला. लई भारी ओढत होती.

ग्लासवूल | रविवार, रात्री १०:२०

माझ्या जुन्या सायलेन्सरचं वजन केलं. मित्राच्या नव्यापेक्षा साडेसहाशे ग्रॅम जास्त भरला! ताई जिंकली. आता मलाही कॅमची उचल मोजायची आहे. प्लायवुडचं ते चक्र कुणाकडे आहे?

कास्टआयर्न९७ | रविवार, रात्री १०:२६

माझ्याकडे आहे. पाचगावला या, डायल गेज काकांकडून घेऊ. वडील डायरी घेऊन बसतील.